परका कायदा, घरचा कायदा : संमतिवयाचा वाद आणि बडोद्याची कसोटी

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास महाविद्यालयांत बहुधा स्वातंत्र्यलढ्याचा इतिहास म्हणून शिकविला जातो. त्यामुळे सामाजिक कायद्यांना ‘केसरी’ने केलेला विरोध ओझरत्या उल्लेखापुरता उरतो. वास्तविक पुराणमताला आधुनिक राजकारणाची भाषा कशी मिळाली, हे समजण्यासाठी तोच भाग महत्त्वाचा आहे.

१८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी या अकरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचा खटला चालला. पतीच्या शरीरसंबंधामुळे ती दगावली होती. परंतु तिचे वय १० च्या वर असल्याने त्याच्यावर बलात्काराचा गुन्हा लागू होऊ शकला नाही. १८९१ च्या कायद्याने संमतिवय १० वरून १२ केले. ‘केसरी’ने त्यास कडाडून विरोध केला. टिळकांना बालविवाह प्रिय होता, असे म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. मुलींचा विवाह १६ व मुलांचा २० वर्षांपूर्वी करू नये, असा स्वेच्छेने पाळावयाचा नियम त्यांनी स्वतःच सुचविला होता. परक्या सरकारने धर्माचारात हात घालू नये, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. या आक्षेपाचा परिणाम असा झाला की, चर्चा मुलीच्या जिवावरून सरकारच्या अधिकारावर सरकली. ‘सुधारक’मधून आगरकर ती मूळ प्रश्नाकडे ओढीत राहिले, पण जनमताचा जोर दुसऱ्या बाजूस होता. १८९५ मध्ये पुण्यात काँग्रेसच्या मंडपात सामाजिक परिषद भरविण्यास इतका विरोध झाला की, रानड्यांना तो हट्ट सोडावा लागला.

या युक्तिवादाची खरी कसोटी बडोद्यात लागली. येथे राज्यकर्ता परका नव्हता. सयाजीराव गायकवाड यांनी १९०४ मध्ये बाललग्न प्रतिबंधक निबंध लागू करून विवाहाचे किमान वय मुलींसाठी १२ व मुलांसाठी १६ ठरविले. तरीही निबंध मोडून दंड भरणारे पुष्कळ निघाले. विरोधाचे मूळ केवळ परकेपणात नव्हते, हे यावरून स्पष्ट होते.

हा दोष एकाच समाजाचा नाही. १९२९ च्या सारडा कायद्याच्या वेळी जिनांनी विधिमंडळात विधेयकास पाठिंबा दिला. पण अनेक मुस्लिम नेत्यांनी व उलेमांनी धर्मातील हस्तक्षेपाचाच मुद्दा पुढे केला. अमेरिकेतही, १९५५ मध्ये निघालेल्या ‘नॅशनल रिव्ह्यू’ या पुराणमतवादी नियतकालिकाने १९६४ च्या नागरी हक्क कायद्यास विरोध करताना घटना आणि राज्यांचे अधिकार यांचा आधार घेतला. कृष्णवर्णीयाला उपाहारगृहात बसू द्यावे की नाही, हा साधा प्रश्न त्यात मागे पडला.

सत्तेचा अधिकार तपासणे गैर नाही. वसाहतीत तर ते आवश्यकच होते. मात्र अधिकाराचा वाद मिटल्यावरही ज्याला अन्याय दिसत नाही, त्याचा मूळ आक्षेप वेगळाच असतो. वर्गात जुने अग्रलेख वाचताना, किंवा आजची दूरचित्रवाणीवरील चर्चा तपासताना, विद्यार्थ्यांपुढे एक प्रश्न ठेवता येईल : ‘कायदा कोणी केला’ हे क्षणभर बाजूला ठेवले, तर ज्याच्यासाठी तो केला त्याच्याविषयी या लेखनात काय उरते? संमतिवयाच्या वादात अकरा वर्षांच्या मुलीविषयी फार थोडे उरले होते.