पेंढा भरलेला वाघ : शब्द, मुद्रा आणि पाटी

मृत पशूचे कातडे टिकवून त्यास जिवंतपणाचा आकार देण्याच्या क्रियेला मराठीत ‘पेंढा भरणे’ असे म्हणतात. पंडिती परिभाषेने याच कल्पनेला संस्कृत वेष चढवून ‘चर्मपूरण’ हा शब्द सिद्ध केला. दोहोंच्या मुळाशी एकच चित्र आहे : कातडे ही पिशवी असून ती काहीतरी कोंबून फुगवावयाची. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी फ्रेंच निसर्गाभ्यासकांनी ग्रीक धातूंपासून घडविलेला ‘टॅक्सिडर्मी’ हा शब्द मात्र भरण्याविषयी काहीच सांगत नाही. ‘टॅक्सिस’ म्हणजे रचना, ‘डर्मा’ म्हणजे त्वचा. त्वचेची रचना, एवढाच त्याचा अर्थ. शब्दांच्या व्युत्पत्तीवरून वस्तूंविषयी अनुमाने काढणे धोक्याचे असते, हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको. तथापि येथे दोन शब्दांतील अंतर हे दोन तंत्रांतील आणि, मला वाटते, दोन वाचनपद्धतींतील अंतर आहे.

‘पेंढा भरणे’ हा प्रयोग आपल्याकडे केवळ शिकारखान्यातून आलेला नाही. वासरू मेले म्हणजे त्याचे कातडे काढून, आत पेंढा भरून ते गाई-म्हशीपुढे ठेवावयाचे आणि तिला पान्हा सोडावयास लावावयाचे, ही रीत गोठ्याला परिचित आहे. येथे आकार ओबडधोबड असला तरी चालते. गाईला वास पुरतो. या कृतीत फसवणूक आहे, पण ती कोणासाठी व कशासाठी आहे याविषयी संदिग्धता नाही. वाड्याच्या दिवाणखान्यात भिंतीवरून दात विचकणाऱ्या वाघाची गोष्ट निराळी आहे. तो कोणास फसवितो, आणि काय सांगून, हा प्रश्न समीक्षेने आजवर फारसा विचारलेला नाही. एक पक्ष त्यास निव्वळ कारागिरी मानून सोडून देतो. दुसरा पक्ष क्रौर्याचे अवशेष म्हणून त्याकडे पाठ फिरवितो. दोन्ही पक्षांना ती वस्तू वाचण्याची गरज भासत नाही. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की ती वाचली पाहिजे, कारण तिच्यातील कातडे तेवढे खरे असून बाकी सर्व रचना आहे; आणि जेथे रचना आहे तेथे रचणाऱ्याचा हेतू वाचता येतो.

प्रथम तंत्राविषयी थोडे. शिकाऱ्यांसाठी लिहिलेल्या इंग्रजी मार्गदर्शिकांची एक स्वतंत्र परंपरा आहे. लंडनच्या पिकॅडिलीमध्ये दुकान थाटणारे रोलंड वॉर्ड यांची पुस्तिका १८८० मध्ये निघाली. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कंपनीनेही आपल्या गिऱ्हाइकांसाठी अशी सूचना-पुस्तिका काढली होती. या वाङ्मयाची भाषा आज्ञार्थी आहे. हनुवटीपासून शेपटीपर्यंत पोटावरून सरळ चीर द्यावी, पायांच्या आतील अंगाने दुसरी, ओठ आतून दुभंगावे, कान उलटवून कूर्चा मोकळी करावी, मीठ भरपूर चोळावे, कातडे उन्हात वाळत घालू नये. विलंब झाला की केस सुटतात आणि मग कोणतीही विद्या उपयोगी पडत नाही. मिशांवर लक्ष ठेवावे, अशीही सूचना असते, कारण छावणीतील माणसे त्या उपटून नेत. वाघाची चरबी, नखे आणि मिशा यांना गावकऱ्यांच्या लेखी स्वतःचा अर्थ होता. आपल्याकडे बाळाच्या गळ्यात बांधले जाणारे वाघनख याच दुसऱ्या अर्थव्यवस्थेतले. एकाच प्रेतावर दोन चिन्हपद्धती हक्क सांगत होत्या, आणि मार्गदर्शिकेच्या दृष्टीने त्यांपैकी एक चोरी ठरत होती. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आज्ञा शिकाऱ्याला उद्देशून आहेत, पण सुरी बहुधा त्याच्या हातात नसे. ती छावणीतील कातडे सोलणाऱ्याच्या हातात असे, आणि त्याने ते पुस्तक वाचलेले नसे.

कातडे टिकविण्यासाठी पूर्वी सोमल वापरीत. अठराव्या शतकात फ्रान्समधील मेत्स येथील औषधविक्रेते बेकर यांनी सोमलयुक्त साबणाची कृती शोधली आणि पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ तीच प्रचारात राहिली. म्हणूनच संग्रहालयांतील जुने नमुने आजही हातमोजे घातल्यावाचून हाताळीत नाहीत.

आता मुख्य मुद्दा, आतल्या आकाराचा. सुरुवातीच्या काळी खरोखरच पेंढा, भुसा, चिंध्या भरीत, आणि त्यामुळे प्राणी सुजल्यासारखा दिसे. कार्ल एकली (१८६४–१९२६) या अमेरिकन कारागिराने जी पद्धत परिणत अवस्थेस नेली ती सर्वस्वी वेगळी होती. प्राण्याची शरीररचना अभ्यासून मातीत त्याचे शिल्प करावयाचे, त्यावरून प्लास्टरचा साचा घ्यावयाचा, साच्यातून हलकी पोकळ आकृती काढावयाची आणि तिच्यावर कातडे चढवावयाचे. म्हणजे कातडे भरले जात नाही, ते नेसविले जाते. जाणत्या कारागिरांना ‘भरणे’ हा शब्द अपमानास्पद का वाटे, हे यावरून कळते. आपला मराठी शब्द या बदलानंतरही तसाच राहिला. त्यात भाषेचा दोष नाही. भाषा तंत्रामागे धावत नसते. परंतु ‘भरलेला वाघ’ म्हणताना आपण नकळत असे समजतो की बाहेरचा आकार वाघाचाच असून आत तेवढे काहीतरी घातले आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. आकार, स्नायू, मान वळविण्याचा कोन, मुद्रा हे सर्व शिल्पकाराचे आहे.

म्हैसूरची व्हॅन इंगेन कंपनी या दृष्टीने फार बोधप्रद आहे. १९०० च्या सुमारास युजीन व्हॅन इंगेन यांनी ती स्थापिली, पुढे त्यांच्या मुलांनी चालविली, आणि १९९९ मध्ये ती बंद पडली. भारतातील संस्थानिक, इंग्रज अधिकारी आणि परदेशी पाहुणे यांचे वाघ-बिबटे येथे हजारांनी आले. कामाचा दर्जा उत्तम होता, हे निःसंकोचपणे म्हटले पाहिजे. ओठांच्या कडा, नाकाचा ओलसरपणा, जिभेची खरखर यांवर जी मेहनत दिसते ती हलक्या कारखान्यात दिसत नाही. पण हा व्यवसाय होता, आणि व्यवसायाला साचे लागतात. कागदी लगद्याच्या आकृती ठरावीक साच्यांतून निघत. परिणामी तराईतला वाघ आणि म्हैसूरच्या रानातला वाघ भिंतीवर एकाच रागाने पाहतात. पट्टे प्रत्येकाचे वेगळे, मुद्रा एकच. शब्दसंग्रह निसर्गाचा आणि वाक्य कारखान्याचे, असे हे काव्य आहे.

त्या मुद्रेकडे जरा निरखून पाहावे. मांजरकुलातील प्राणी खऱ्या रागाने दात दाखवितो तेव्हा त्याचे कान मागे वळून डोक्याशी चपटे होतात, नाकावर सुरकुत्या चढतात, डोळे आकुंचित होतात. ही सर्व अंगे मिळून एक पद बनते. शिकारचिन्ह म्हणून केलेल्या अनेक मस्तकांत जबडा पूर्ण उघडा आणि कान मात्र ताठ उभे, डोळे वाटोळे व विस्फारलेले असतात. जबडा एक बोलतो, कान दुसरेच. वाघाच्या भाषेत हा अशुद्ध प्रयोग होय. मात्र कारागिराला हे ठाऊक नव्हते असे मानण्याचे कारण नाही. कान चपटे केले तर समोरून पाहणाऱ्यास मस्तक लहान दिसते, डोळे आकुंचित केले तर काचेची चमक वाया जाते. वाघाचे व्याकरण मोडले आहे ते प्रेक्षकाच्या व्याकरणासाठी. आणि ज्या क्षणाचे हे चित्रण म्हणावयाचे तो क्षण बहुतेक शिकारींत आलेलाच नसतो. रेडकू बांधून मचाणावर बसलेल्या नेमबाजास वाघ दिसे तो भक्ष्याकडे येणारा, सावध, तोंड मिटलेला. हाक्यात दिसे तो गोंगाटापासून दूर जाऊ पाहणारा. भिंतीवरील गर्जना ही त्या वाघाची आठवण नव्हे. तो चालून आला होता, हे सांगण्याची गरज मारणाऱ्याला होती.

‘ट्रॉफी’ या शब्दाचा इतिहास येथे अनपेक्षित प्रकाश टाकतो. ग्रीक ‘ट्रोपाइऑन’ हा ‘ट्रोपे’ म्हणजे वळणे यापासून निघाला. रणांगणात शत्रूने जेथे पाठ फिरविली तेथे विजेते एक लाकडी खांब रोवीत आणि त्यावर पराभूताचे शिरस्त्राण, चिलखत, ढाल चढवीत. म्हणजे आत लाकूड, बाहेर शत्रूचे कवच, आणि दोन्ही मिळून उभ्या मनुष्याचा भास. रचनेच्या दृष्टीने एकलीच्या आकृतीचा हा पूर्वजच म्हणावा लागेल. फरक कालाच्या बाबतीत आहे. डायोडोरस या इतिहासकाराच्या ग्रंथात एका भाषणात असा विचार येतो की पूर्वजांनी ही चिन्हे दगडाची न करता लाकडाची केली ती ती लवकर नाहीशी व्हावीत आणि वैराची आठवण त्यांबरोबर जावी म्हणून. प्लूटार्कनेही ती पुन्हा दुरुस्त करणे अशोभनीय मानले आहे. सोमल, तुरटी आणि काचेचे डोळे यांची सारी विद्या मात्र त्याच कुजण्याविरुद्ध उभी आहे.

आपल्या परंपरेतील कातड्याचे स्थान याहून भिन्न आहे. व्याघ्राजिनावर बसणारा तपस्वी वाघ कोणी मारला हे सांगत नाही. ते आसन आहे. त्याला मुद्रेची गरज नाही. कृत्तिवास शिव गजासुराचे कातडे स्वतःच्या अंगावर घेतो, जसा हेराक्लिस सिंहाचे. विजेता कातड्यात शिरतो, कातड्याला पुन्हा उभे करीत नाही. मृताला त्याचा चेहरा परत देऊन त्याच्याकडूनच आपली स्तुती वदवून घेण्याचा प्रकार आपल्याकडे संस्थानी दिवाणखान्यांतून आला, तो आधुनिक आहे.

स्तुती खऱ्या अर्थाने उच्चारली जाते ती पाटीवर. इंग्रजी पाटी कर्मणी रचनेत असते : अमुक यांजकडून, अमुक ठिकाणी, अमुक साली मारला गेला, लांबी इतकी. लांबीतही दोन बोली आहेत. खुंट्यांमधील सरळ माप आणि पाठीच्या वळणांवरून घेतलेले माप. दुसरे नेहमीच काही इंचांनी उदार असते. रोलंड वॉर्ड यांनी १८९२ पासून या मापांच्या नोंदींचा ग्रंथच काढला, आणि वाघ आकड्यांत मावू लागला. मराठीत तीच पाटी लिहावयाची झाल्यास भाषा आपल्यापुढे एक पेच टाकते. ‘महाराजांनी वाघ मारला’, ‘महाराजांनी वाघीण मारली’ : येथे क्रियापद महाराजांना जुमानीत नाही, ते वाघाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. हा मराठी व्याकरणात शिकविला जाणारा कर्मणी प्रयोग होय. ‘महाराजांनी वाघाला मारले’ म्हटले की भावे प्रयोग होतो, आणि क्रियापद कोणाचेच राहत नाही. रानातली बोली तर ‘वाघ पडला’ एवढेच म्हणते. कर्ता नाहीसा होतो. ‘शिकार’ या फारसीतून आलेल्या शब्दाची गंमत अशी की तो क्रियेलाही लागतो आणि मेलेल्या जनावरालाही, ‘शिकार केली’ आणि ‘शिकार पडली’. व्याकरणातून नीतिशास्त्र काढण्याचा मोह मी टाळतो. परंतु ‘मारला गेला’ या इंग्रजी वळणाच्या पाट्या मराठी संग्रहालयांत लिहिताना आपण आपल्या भाषेतील सोपे व अधिक प्रामाणिक वाक्य सोडून देतो, एवढे नोंदविणे आवश्यक आहे.

काही वर्षांपूर्वी एका जुन्या वाड्यात विद्यार्थ्यांसह असा संग्रह पाहण्याचा योग आला. एका वाघाचा खालचा ओठ वाळून फाटला होता आणि आतून करडा लगदा दिसत होता. त्यात छापील अक्षरे होती. बहुधा एखादे वृत्तपत्र. व्यवस्थापकांनी संकोचाने तो भाग झाकला. माझ्या विद्यार्थ्यांना मात्र त्या दालनात तेवढाच भाग खरा वाटला, आणि मला त्यांना खोडून काढता आले नाही.

संग्रहालयीन नमुना निराळा असतो, हा आक्षेप येथे घेता येईल. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील निसर्गविज्ञान दालन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सहकार्याने उभे राहिले. तेथे प्राणी आपल्या परिसरात दाखविण्याचा प्रयत्न आहे, मारणाऱ्याचे नाव गौण आहे. हा भेद मला मान्य आहे, पण तो दिसतो तितका पक्का नाही. न्यूयॉर्कमधील एकलीच्या आफ्रिकी दालनाविषयी (ते त्याच्या मृत्यूनंतर, १९३६ मध्ये उघडले) डॉना हॅरवे यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की तेथील शांत प्राणीसमूहदेखील पौरुषाची व वंशाची एक कथा सांगतात. त्यांचे विवेचन कोठे कोठे ओढून ताणून केलेले वाटते. एकलीने स्वतः गोरिलाची शिकार करताना खुनीपणाची बोच अनुभवली होती आणि पुढे त्यांच्या अभयारण्यासाठी खटपट केली, या अंतर्विरोधाला आणखी वजन मिळावयास हवे होते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात ही विद्या शिकारीपासून तुटली. जुन्या चिन्हांची नोंद करावी लागली, त्यांचा व्यापार थांबला. कायद्याची व्याख्या मात्र वाचण्याजोगी आहे. तीत ‘ट्रॉफी’ म्हणजे वन्य प्राण्याचा टिकविलेला कोणताही भाग. आणि पुढील दुरुस्त्यांनंतर तिच्या यादीत शिंगे, पिसे, कवच, अंडी, घरटी आणि मधाचे पोळेही आले आहे. विजयाचा अर्थ असलेला शब्द येथे केवळ जपलेली वस्तू एवढाच उरला. ज्या सुगरणीच्या घरट्यात कोणी कोणाला जिंकले नाही तेही या व्याख्येच्या कक्षेत येऊ शकते. मराठी पाट्या लिहिणाऱ्यांनी यास ‘विजयचिन्ह’ म्हणावे की ‘शिकारचिन्ह’, हे मी ठरवू शकलेलो नाही. कातडे कोठले, मारले कोणी, सोलले कोणी आणि आतली आकृती कोणत्या कारखान्याची, एवढे चार ओळींत लिहिता आले तर पाटीला शीर्षक नसले तरी चालेल. अडचण तिसऱ्या ओळीची आहे : सोलणाऱ्याचे नाव मी पाहिलेल्या कोणत्याही पाटीवर मला आढळलेले नाही.