कौटुंबिक वैद्यकातील निदान आणि काळ : जॉन फ्राय यांच्या लेखनाची चिकित्सा

इंग्लंडमधील बेकनहॅम येथे १९४७ पासून कौटुंबिक डॉक्टर म्हणून व्यवसाय करणाऱ्या जॉन फ्राय यांचे ‘द कॅटॅरल चाइल्ड’ (१९६१) व ‘कॉमन डिसीजेस’ (१९७४) हे ग्रंथ मुख्यतः स्वतःच्या रुग्णांच्या दीर्घकालीन नोंदींवर आधारलेले आहेत. बालकांना वारंवार होणारी सर्दी, खोकला व कानदुखी वय वाढते तशी बहुधा आपोआप कमी होते, असे प्रतिपादन करून प्रतिजैविके व टॉन्सिलची शस्त्रक्रिया यांबाबत त्यांनी संयम सुचविला. रुग्णालयात न दिसणारा आजाराचा नैसर्गिक क्रम येथे निदानाचे साधन ठरतो, हे या लेखनाचे बलस्थान होय.

तथापि हा संयम एका विशिष्ट व्यवस्थेवर उभा आहे. १९४८ पासून ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत रुग्णाचे नाव ठरावीक डॉक्टरकडे नोंदलेले असते व तपासणीचे शुल्क द्यावे लागत नाही. आपल्याकडे खाजगी दवाखान्यातील रुग्ण प्रत्येक भेटीचे पैसे मोजतो, गुण न आल्यास डॉक्टर बदलतो आणि नोंद खंडित होते. थांबण्याचा सल्ला देणाऱ्यास रुग्ण गमावण्याचे भय असते. म्हणूनच अनावश्यक प्रतिजैविकांचा दोष केवळ डॉक्टरांच्या अज्ञानाला देणे अपुरे आहे. फ्राय यांचे निष्कर्ष स्वीकारावयाचे, तर त्यांची नोंदवहीही स्वीकारावी लागेल.