सोळा प्याले आणि एक वाघ

विनोद एकदाच हसवतो. दुसऱ्यांदा हसावे लागते ते सांगणाराचे मन राखण्यासाठी, असा आपणा सर्वांचाच अनुभव आहे. घरी पाहुणे आले की वडीलधाऱ्यांपैकी कोणीतरी तोच जुना किस्सा काढतात, आणि पुढचे वाक्य कोणते येणार हे ठाऊक असलेली घरची मंडळी हळूच स्वयंपाकघराची वाट धरतात. पंडितांनी या अनुभवाला शास्त्राचे रूपही दिले आहे. ताणलेली अपेक्षा एकाएकी फोल ठरली म्हणजे हसू फुटते, असे जर्मन तत्त्वज्ञ कांट सांगून गेला. हास्याचा प्राण असा अनपेक्षितपणात असेल, तर ज्या विनोदातली प्रत्येक हालचाल प्रेक्षकाला तोंडपाठ आहे त्याला तो का हसतो?

हा प्रश्न माझ्यापुढे उभा केला तो 'डिनर फॉर वन' नावाच्या एका चिमुकल्या इंग्रजी प्रहसनाने. कांटच्याच जर्मनीत १९७२ सालापासून ३१ डिसेंबरला, वर्ष मावळता मावळता, ते दूरचित्रवाणीवर दाखवले जाते. आणि एकदाच नव्हे, निरनिराळ्या केंद्रांवरून त्याच दिवशी अनेकदा. स्वीडन आणि डेन्मार्क या देशांतही वर्षअखेरीस ते हवेच. नॉर्वेची मंडळी नाताळाच्या आदल्या दिवसाच्याही आदल्या दिवशी, २३ डिसेंबरला, ते पाहतात. आजोबा हसले त्याच जागी नातू हसतो. मौज अशी की ज्या इंग्रजांच्या भाषेत ते आहे त्यांना मात्र त्याची फारशी खबरच नव्हती. ब्रिटनच्या दूरचित्रवाणीवर ते अवतरले ते २०१८ साल संपताना.

लॉरी वायली या इंग्रज लेखकाने ते रंगभूमीसाठी लिहिले, आणि फ्रेडी फ्रिंटन या नटाने समुद्रकाठच्या विलासनगरांतील रंगमंचांवर वर्षानुवर्षे त्याचे प्रयोग केले. १९६२ साली ब्लॅकपूल येथे पीटर फ्रांकेनफेल्ड या जर्मन कलावंताने तो प्रयोग पाहिला आणि फ्रिंटनला हॅम्बुर्गला बोलावून घेतले. १९६३ साली तेथे खऱ्याखुऱ्या प्रेक्षकांपुढे त्याचे चित्रण झाले. प्रारंभी एक निवेदक जर्मन भाषेत चार शब्दांत प्रसंग समजावून देतो. पुढे सगळे इंग्रजीतच. अवघा अठरा मिनिटांचा, काळ्यापांढऱ्या रंगातला हा खेळ आहे.

कथा म्हणाल तर एका श्वासात सांगून होईल. मिस सोफीचा नव्वदावा वाढदिवस आहे. तिने नेहमीप्रमाणे चार जिवलग मित्रांना जेवायला बोलावले आहे: सर टोबी, ॲडमिरल फॉन श्नायडर, मिस्टर पॉमरॉय आणि मिस्टर विंटरबॉटम. चौघेही कधीच निवर्तले आहेत. टेबलाभोवती चार रिकाम्या खुर्च्या, पुढे चार पेले, आणि सेवेला म्हातारा बटलर जेम्स. बाईसाहेबांनी एकेका पाहुण्याच्या नावाने पेला उंचावायचा आणि जेम्सने त्या त्या खुर्चीमागे जाऊन, त्या त्या पाहुण्याच्या आवाजात उत्तर देऊन, त्याचा पेला रिकामा करायचा. सुपाबरोबर शेरी, माशाबरोबर पांढरी वाइन, कोंबडीबरोबर शॅम्पेन आणि फळांबरोबर पोर्ट. चार पदार्थ, चार पाहुणे. म्हणजे सरळ गुणाकाराने सोळा प्याले. दर वेळी ओतण्यापूर्वी जेम्स अदबीने विचारतो की गेल्या वर्षीसारखेच करायचे ना, आणि बाईसाहेब सांगतात की दर वर्षीसारखेच.

जमिनीवर एक वाघाचे कातडे अंथरले आहे, डोक्यासकट. बाजूच्या टेबलाकडून जेवणाच्या टेबलाकडे जाताना जेम्स त्या डोक्याला अडखळतो. परतताना पुन्हा अडखळतो. मोजणाऱ्यांनी मोजले आहे: अकरा वेळा. अडखळण्याचा विनोद हा विनोदाच्या बाजारातला सर्वांत स्वस्त माल. पण लेखकाने आणि नटाने या स्वस्त मालाचे काय केले ते पाहण्यासारखे आहे. पाच-सहा वेळा ठेच लागल्यावर प्रेक्षक वाघाची वाट पाहू लागतो. जेम्स निघाला की हसू ओठांवर तयार असते. अशा वेळी एकदा जेम्स वाघाजवळून सुखरूप निघून जातो. त्याचे त्यालाच नवल वाटते. तो वळून पाहतो, आणि सभागृह पूर्वीपेक्षाही मोठ्याने हसते.

येथे कांट बरोबर ठरला असे कोणी म्हणेल. काही अंशी ते खरे आहे. पण ही युक्ती जर्मन प्रेक्षकाला गेली पन्नासांहून अधिक वर्षे ठाऊक आहे. तो वाघाच्या डोक्याइतकीच त्या न अडखळण्याचीही वाट पाहतो. अपेक्षाभंगाने हसण्याचा काळ त्याच्यापुरता केव्हाच सरला. आता तो हसतो तो अपेक्षा पुरी झाली म्हणून. कोकणात दशावतारी खेळात संकासूर येऊन चेष्टा करू लागला की मंडळी हसतात ती काही तो पहिल्यांदाच आला म्हणून नव्हे. तो दर खेपेला येतो, तसा याही खेपेला आला, याचा तो आनंद असतो. नव्या विनोदाचे हसू आणि ओळखीच्या विनोदाचे हसू या दोन वेगळ्या जाती आहेत, आणि दुसरीचा विचार विनोदमीमांसकांनी पुरेसा केलेला नाही असे माझे मत आहे.

फ्रेंच विचारवंत बेर्गसाँने १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात आणखी एक कल्पना मांडली: जिवंत माणूस यंत्रासारखा वागू लागला की आपण हसतो. जेम्सला ही कसोटी लावली तर गंमत होते. आरंभी तो यंत्रच आहे. ठराविक पावले, ठराविक वाकणे, ठराविक उत्तरे. पण प्याल्यागणिक यंत्राचे स्क्रू ढिले होतात. जीभ अडखळते, सुरई पेल्याऐवजी टेबलक्लॉथवर ओतली जाते, एकदा तर तो फुलदाणीतलेच पाणी पिऊन बसतो. आणि तरीही विधी सुटत नाही. शुद्ध हरपत चाललेला हा माणूस चार खुर्च्यांचा क्रम चुकवत नाही, चार आवाज विसरत नाही. म्हणजे आपण हसतो ते यंत्र झालेल्या माणसाला की यंत्र मोडत असतानाही वचन पाळणाऱ्या माणसाला? मला दुसरे उत्तर अधिक खरे वाटते.

दारुड्याचा विनोद मराठी रसिकाला परका नाही. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'मधला तळीराम आपण पिढ्यान्पिढ्या ऐकत आलो. पण तळीराम पितो ते पिण्यासाठी, आणि त्याची सारी करामत पिण्याचे समर्थन करणाऱ्या त्याच्या वाणीत आहे. जेम्सला समर्थन ठाऊक नाही. पिण्याची त्याला हौस आहे असेही कोठे दिसत नाही. तो दुसऱ्यांच्या वतीने पितो, कारण ज्यांनी प्यायचे ते चौघे आता हयात नाहीत. तळीरामाच्या प्याल्यातून संसार बुडतो. जेम्सच्या प्याल्यांवर एका म्हातारीचा संसार, निदान एका संध्याकाळपुरता, तरून राहतो. फ्रिंटन स्वतः दारूला शिवत नसे, हे कळल्यावर त्या झोकांड्यांमागची कारागिरी अधिकच लक्षात येते.

आता एक आक्षेप. बुद्धिभ्रंश झालेल्या एका वृद्धेला आणि झिंगलेल्या नोकराला हसणे सभ्य कुटुंबाला शोभते काय? आक्षेप रास्त आहे. पण मिस सोफीला भ्रम झाला आहे हे ठरवले कोणी? प्रहसनात एक लहानशी जागा आहे, हशाच्या गडबडीत ती सहज निसटते. ॲडमिरलच्या वतीने जेम्सला दर वेळी टाचा आपटून आरोळी द्यावी लागते आणि टाचांना सणकून लागते. तेव्हा तो काकुळतीने विचारतो की यंदाही हे करायलाच हवे का. मिस सोफी त्याला सांगते की एवढे तिच्यासाठी कर. हे ती जेम्सला सांगते, जेम्स म्हणून, त्याच्या नावाने. खुर्चीत ॲडमिरल बसला आहे असे तिला खरोखरच वाटत असते, तर ही विनवणी तिने जेम्सला केली असती काय? तिला सर्व ठाऊक आहे. त्यालाही ठाऊक आहे. दोघे मिळून एक खेळ खेळत आहेत, आणि तो खेळ असल्याचे बोलून दाखवायचे नाही एवढाच त्यांचा करार आहे. या एका वाक्याने वेडेपणाचे रूपांतर मायेत होते. माझ्या दृष्टीने सारे प्रहसन या जागेवर तोललेले आहे.

मिस सोफीच्या घरात आपल्याकडचाही थोडा वास आहे. सुरुवातीचे सूप आहे मलिगाटॉनी, म्हणजे तमिळ लोकांचे मिऱ्याचे पाणी; हिंदुस्थानात राहिलेल्या साहेबांनी आपल्या चवीला वळवून ते घेतले आणि विलायतेत नेले. त्या सुपाशेजारी ते वाघाचे कातडे पाहिले की साम्राज्याचा जमाखर्चच मांडल्यासारखा वाटतो. राज्य गेले, ॲडमिरल गेला. उरले एक सूप, एक नोकर आणि एक मेलेला वाघ. त्यांतला वाघ तेवढा अजून आपले काम चोख बजावतो.

आणि जर्मनांना हे इतके जवळचे का वाटावे? हॅम्बुर्ग शहर १९४३ साली ब्रिटिश विमानांच्या बॉम्बवर्षावात होरपळले होते. त्यानंतर वीस वर्षांनी त्याच शहरात एक इंग्रज नट जर्मन नावाच्या ॲडमिरलची टाच आपटून कळवळतो, आणि सभागृह मनसोक्त हसते. त्यात एका बाईचे हसणे तर इतके अनावर की चित्रणात ते आजही वेगळे ऐकू येते. त्या प्रेक्षकांपैकी कितीजणांच्या घरी जेवणाच्या टेबलाशी रिकाम्या खुर्च्या असतील, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. रिकाम्या खुर्चीकडे पाहून रडणे सर्वांनाच येते. तिच्याकडे पाहून सर्वांनी मिळून हसावे, आणि त्या हसण्यात गेलेल्याचा अनादर नसावा, ही सोय या अठरा मिनिटांनी करून दिली.

शेवट थोडा चावट आहे, हे सांगितलेच पाहिजे. जेवण उरकते, मिस सोफी झोपायला जाण्याची इच्छा दर्शवते, जेम्स तिला हात देतो, आणि जिन्याशी तोच प्रश्न व तेच उत्तर पुन्हा येते. त्यावर तो म्हणतो की आपल्याकडून होईल तेवढे तो करील. मोठी माणसे एकमेकांकडे पाहून हसतात. मुले हसतात ती मोठी हसतात म्हणून. सूचकता एवढीच, याहून एक अक्षर अधिक नाही. परंतु त्या उत्तरात चावटपणाखाली आणखी काहीतरी आहे. दमलेल्या, झिंगलेल्या, टाचा दुखावलेल्या माणसाने दिवसभराचे ओझे वाहून शेवटी दिलेले ते अगदी साधे आश्वासन आहे, आणि दर सणाला घरातले कोणी ना कोणी ते न बोलता देतच असते.

फ्रिंटन १९६८ साली वारला. आपले हे काम दर वर्षअखेरीचा कुळाचार होऊन बसलेले त्याला पाहायला मिळाले नाही. सत्तरी ओलांडल्यावर नव्वदीची सोफी रंगवणारी मे वॉर्डन १९७८ साली गेली. म्हणजे आता पडद्यावरची ती दोघेही त्या चार पाहुण्यांच्या पंक्तीला जाऊन बसली आहेत, आणि त्यांच्या वतीने हसण्याचे काम प्रेक्षकांकडे आले आहे. ते ते दर वर्षी चुकवत नाहीत.