भाषा अपुरी पडते तेव्हा

ख्रिस ओकासाकी यांचे 'प्युअरली फंक्शनल डेटा स्ट्रक्चर्स' हे पुस्तक केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने १९९८ मध्ये प्रसिद्ध केले. १९९६ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात त्यांनी सादर केलेला प्रबंध हा त्याचा पाया. संगणकशास्त्रातल्या पुस्तकाची चर्चा साहित्याच्या अंकात कशासाठी, असे वाचकाला वाटेल. माझे उत्तर एवढेच की, आपल्या विचाराला अपुऱ्या पडणाऱ्या भाषेत लिहिणाऱ्या लेखकाचे हे पुस्तक आहे, आणि तो अपुरेपणा त्याने लपवलेला नाही. शिकणाऱ्याला सर्वांत जास्त मिळते ते त्याच जागी, असे माझे म्हणणे आहे.

मी पेणला राहतो. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत, एका रासायनिक कारखान्याच्या भांडारात माझी बरीच वर्षे गेली. संगणकाची पदवी माझ्याकडे नाही. हास्केल या भाषेची तोंडओळख झाली ती चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे माधवन मुकुंद आणि एस. पी. सुरेश यांच्या एनपीटीईएलवरील व्याख्यानांतून. ती बरीचशी पेण-रोहा प्रवासात ऐकली. ओकासाकींचे पुस्तक मात्र एकट्यानेच वाचले.

भांडाराच्या नोंदवहीत खाडाखोड चालत नाही. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, शेजारी नवा आकडा लिहायचा, सही-तारीख करायची. जुना आकडा वाचता आलाच पाहिजे. फंक्शनल पद्धतीच्या प्रोग्रॅमिंगचा मूळ नियम हाच आहे. एकदा तयार झालेली रचना बदलायची नाही, बदल हवा असेल तर नवी आवृत्ती करायची. न बदललेला भाग दोन्ही आवृत्त्या वाटून घेतात, म्हणून सगळे पुन्हा उतरवावे लागत नाही. जुनी आवृत्ती शाबूत राहते. प्रश्न असा की, एवढी शिस्त पाळून काम वेगाने होईल काय? ओकासाकींचे सारे पुस्तक या एका प्रश्नाचे उत्तर आहे.

त्यांचे रांगेचे उदाहरण गोदामाच्या भाषेत सांगतो. आधी आलेली गोणी आधी गेली पाहिजे, पण थप्पीत हात पोचतो तो फक्त वरच्या गोणीपर्यंत. मग दोन थप्प्या ठेवायच्या. आलेला माल मागच्या थप्पीवर, जाणारा पुढच्या थप्पीवरून. पुढची संपली की मागची उलटून पुढे आणायची. हजार गोणी उलटणे हे एका दिवसाचे मोठे काम खरे, पण प्रत्येक गोणी उलटली जाते एकदाच. म्हणून ती आत येतानाच तिच्या नावे थोडी मजुरी बाजूला ठेवली की उलटण्याच्या दिवशी हिशेब जुळतो. रॉबर्ट टार्जन यांनी १९८५ मध्ये मांडलेली ही हिशेबाची रीत आज सर्वत्र शिकवली जाते.

जुनी आवृत्ती शाबूत असेल तर मात्र हा हिशेब फसतो. गोदामात कालच्या स्थितीला परत जाता येत नाही, नोंदवहीत जाता येते. उलटण्याच्या आदल्या क्षणीची आवृत्ती कोणी जपून ठेवली आणि तिच्यापासून दहा वेगळ्या वाटा काढल्या, तर उलटणे दहा वेळा होईल. बाजूला ठेवलेली मजुरी मात्र एकदाच खर्च करता येते.

इथे ओकासाकी बचतीच्या जागी कर्ज आणतात. मागची थप्पी पुढचीपेक्षा मोठी झाली की त्याच वेळी उलटण्याचे नुसते वचन लिहून ठेवायचे. पुढची थप्पी संपेपर्यंत त्या वचनाची गरज लागत नाही, आणि तोवर प्रत्येक व्यवहार त्याचा एकेक हप्ता फेडत जातो. वचन एकदा पुरे झाले की त्याचे फळ लक्षात ठेवले जाते आणि ते धरून असलेल्या सर्व आवृत्त्यांना मिळते. दोन वाटांनी तोच हप्ता दोनदा भरला तरी नुकसान नाही. बचत दोनदा खर्च करता येत नाही, कर्ज दोनदा फेडले तर चालते. सहाव्या प्रकरणातली ही कल्पना मला पुस्तकातली सर्वांत सुंदर वाटते.

पण पुस्तक लिहिले आहे स्टँडर्ड एमएल या भाषेत, आणि तिच्यात काम पुढे ढकलायची सोय मुळात नाही. ओकासाकींना त्यासाठी स्वतःचे एक चिन्ह वाढवावे लागले. हे पहिले ठिगळ. दुसरे दहाव्या प्रकरणात आहे आणि ते अधिक महत्त्वाचे आहे, कारण त्याचा संबंध टाइपशी येतो.

टाइप म्हणजे काय हे सांगताना पेणमध्ये साच्याची उपमा सहज सुचते. हमरापूर-जोह्यात गणपतीचे कारखाने आहेत, एका साच्यातून शेकडो मूर्ती निघतात. ही उपमा मीही वापरत असे, आता टाळतो. साचा वस्तू घडवतो. टाइप काहीच घडवत नाही, नियमात न बसणारी वस्तू तो आत येऊ देत नाही. त्याचे काम फाटकावर लेबल तपासणाऱ्या माणसाचे आहे.

आता अशा मांडणीची कल्पना करा, जिच्या पहिल्या फळीवर एक गोणी, दुसरीवर दोघींची जोडी, तिसरीवर जोड्यांची जोडी राहते. एखादी फळी रिकामीही असू शकते. अकरा गोणी म्हणजे एक, दोन आणि आठ. हजार गोण्यांना दहा फळ्या पुरतात, म्हणून हवी ती गोणी थोड्या पायऱ्यांत सापडते. हा वेग एका नियमावर उभा आहे: तिसऱ्या फळीवर चौकडीखेरीज काही ठेवायचे नाही. हा नियम टाइपमध्येच लिहिता येतो, मग चुकीची मांडणी मुळात रचताच येत नाही.

अडचण शोधण्यात येते. पहिल्या फळीवर शोधणारे फंक्शन पुढच्या फळीसाठी स्वतःलाच बोलावते, पण तिथे गोणीच्या जागी जोडी आहे, म्हणजे टाइप बदलला. स्टँडर्ड एमएलमध्ये असा टाइप लिहिता येतो, पण फंक्शनला स्वतःच्या व्याख्येच्या आत एकच टाइप मिळतो, त्यामुळे ते लिहिता येत नाही. कारण उघड आहे. प्रोग्रॅमरने न सांगता टाइप ओळखायचे ही रॉबिन मिलनर यांच्या या भाषेची मोठी देणगी, आणि अशा फंक्शनचा टाइप दर वेळी आपोआप ओळखणारी रीत असूच शकत नाही, हे पुढे सिद्ध झाले. हास्केल वेगळी तडजोड करते: टाइप तुम्ही लिहून द्या, मी तपासते.

हे प्रकरण मी प्रथम स्टँडर्ड एमएलमध्ये उतरवले आणि ते नाकारले गेले. काही आठवडे मी स्वतःचीच चूक शोधत होतो. ओकासाकींनी ही मर्यादा तिथेच सांगितली आहे, मी ती घाईत ओलांडली होती. त्यांनी पर्यायही दिला आहे: गोणी आणि जोडी यांना एकाच टाइपखाली आणायचे. कार्यक्रम चालतो, पण आता तिसऱ्या फळीवर एकटी गोणी ठेवली तरी फाटकावरचा माणूस काही बोलत नाही. नियम प्रोग्रॅमरच्या लक्षात राहिला तर राहिला.

माझा आक्षेप याच जागेविषयी आहे. टाइप आणि वेग यांचे नाते इथे सर्वांत स्पष्ट दिसते, आणि लेखक ते भाषेची एक गैरसोय म्हणून थोडक्यात आटोपतो. लाल-काळ्या झाडात भर घालण्याची चार समरूप प्रकरणांची त्याची मांडणी प्रसिद्ध आहे, पण त्याच झाडातून काढून टाकण्याचा विचार पुस्तकात नाही. तिथेही अवघड असते ते नियम सांभाळणेच. श्टेफान कार्स यांनी २००१ मध्ये ते नियम टाइपमध्ये बसवून दाखवले.

पुढचा इतिहास ओकासाकींच्या बाजूने गेला. राल्फ हिंझे आणि रॉस पॅटरसन यांचे २००६ मधील फिंगर ट्री अशाच दर पायरीला बदलणाऱ्या टाइपवर उभे आहे, आणि हास्केलच्या नेहमीच्या संग्रहातील क्रमरचना त्यावरच बेतलेली आहे. एमएलच्याच कुळातील ओकॅमलने २०१० मध्ये असे फंक्शन, टाइप लिहून देण्याच्या अटीवर, मान्य केले.

म्हणून एकट्याने शिकणाऱ्याला माझे सांगणे असे. टाइपच्या सोयींची यादी आधी आणि रचना नंतर, हा नेहमीचा क्रम मला उपयोगी पडला नाही. यादी पाठ होते, गरज कळत नाही. हे पुस्तक घ्यावे, दहावे प्रकरण दोन्ही भाषांत उतरवावे. एक भाषा नाकारते आणि दुसरी अट घालून स्वीकारते, हे स्वतःच्या हाताने पाहिले की टाइप कशासाठी असतो हे वेगळे सांगावे लागत नाही. आणि प्रोग्रॅम नाकारला गेला तर चूक आपलीच असेल असे लगेच धरू नये. विचार बरोबर आणि भाषा अपुरी, असेही असू शकते. मला हे कळायला काही आठवडे लागले.