'आग' नव्हे, 'इंधन'

हमीद दलवाई यांची 'इंधन' ही कादंबरी १९६५ साली प्रसिद्ध झाली. कोकणातल्या गावात हिंदू-मुस्लिम तेढ पेटते, तेव्हा 'आग', 'वणवा' अशी नावे सहज सुचली असती. दलवाईंनी ती टाळली, हे बरे केले. 'आग' म्हटले की वाचक काडी लावणारा शोधू लागतो आणि तो हमखास पलीकडच्या वस्तीत सापडतो. 'इंधन' म्हटले की नजर साठ्याकडे जाते. जुनी वैरे, जातीची उतरंड, बाईवरून उठलेला वाद. हा साठा दोन्हीकडचा. मात्र आमच्या घरी चुलीजवळ 'जळण'च म्हणत. नेरूळला कादंबरी पुन्हा वाचताना वाटले, तो शब्द अधिक बोचला असता. दिलीप चित्रे यांच्या इंग्रजी अनुवादाचे 'फ्युएल' हे नाव तर मला थेट पेट्रोलपंपावर नेते.