टिळकांच्या घरची लक्ष्मी

दिवाळीच्या अंकात मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विषय काढला तर काही वाचकांना नवल वाटेल. पण विचार करून पाहिले तर याहून योग्य मुहूर्त सापडायचा नाही. आश्विनातल्या अमावास्येला आपण लक्ष्मीची पूजा करतो, व्यापारी नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढतात आणि वर्षभर जिच्या भरवशावर संसार चालायचा तिला घरात थांबून राहण्याची विनवणी करतात. ती चंचल आहे हे सर्वांनाच ठाऊक असते. म्हणून तर विनवणी! नव्या करारात तीमथ्य या तरुण सहकाऱ्याला लिहिलेले पौलाचे एक पत्र आहे, त्यातही हेच आले आहे. श्रीमंतांना बजावून सांग, धनाचा नेम नाही, त्याच्यावर आशा ठेवू नका, देवावर ठेवा, अशा अर्थाची ती आज्ञा. धन फेकून द्या असे पौल म्हणत नाही. आशा कोठे ठेवायची एवढेच तो सांगतो. उपदेश म्हणून हे सोपे आहे. परंतु तो उपदेश संसारात उतरला म्हणजे काय होते, चुलीपाशी बसलेल्या बाईला त्याची काय किंमत मोजावी लागते, हे उपदेशकांनी क्वचितच सांगितले. मराठीत ते एका बाईने सांगितले. आणि योगायोग असा की माहेरच्या मनकर्णिकेचे सासरी नाव ठेवले होते लक्ष्मी.

'स्मृतिचित्रे' आपल्या वाचकांच्या घराघरांत आहे. विनोदासाठी, साध्या भाषेसाठी, एका विलक्षण संसाराची कथा म्हणून ते वाचले जाते, आणि तसे वाचण्यात गैर काहीच नाही. मला मात्र ते पैशाविषयीचे पुस्तक वाटते. अधिक नेमके सांगायचे तर, पैसा हाताशी नसताना माणसे कशाच्या आधाराने जगतात याविषयीचे.

हे मी लिहितो आहे हरिहरेश्वरी. श्रीवर्धनच्या भटांचे, म्हणजे पुढे पेशवे झालेल्या घराण्याचे हे कुलदैवत. आधी काळभैरवाचे दर्शन, मग हरिहरेश्वराचे, पुन्हा काळभैरवाचे, आणि ओहोटी पाहून खडकांवरून प्रदक्षिणा, असा येथला रिवाज. नवस बोलणारे आणि फेडणारे येथे बारमाही येतात. देवाकडे मागावे ते बहुधा धन, धान्य, संतती, नोकरी. त्यात लाजण्यासारखे काय आहे? पण सावित्रीच्या मुखापलीकडे बाणकोट आहे, आणि त्या बाणकोटाची एक जुनी आठवण या विषयाशी निगडित आहे. १८२३ साली स्कॉटिश मिशनऱ्यांनी आपल्या मराठी मुलखातल्या कामाला तेथून आरंभ केला. त्यांतला पहिला, डोनाल्ड मिचेल, त्याच वर्षी वारला. मागून आलेल्यांनी बाणकोट-हर्णैच्या भागात शाळा चालवल्या. पुढे मुंबईत नाव काढलेला जॉन विल्सन १८२९ साली आला तोही याच परंपरेतला.

या मंडळींनी शाळा आणल्या, छापखाने आणले, आणि त्यांच्याबरोबर मिशनचा पगारही आला. तेव्हापासून मराठी ख्रिस्ती माणसाच्या कपाळी एक शिक्का बसला : हा पोटासाठी बाटला. शिक्का बहुतेक वेळा अन्यायाचा होता, कधी खराही असेल. पण त्याचे उत्तर युक्तिवादाने देता येत नसते. बाबा पदमनजींसारख्या विद्वानाने 'अरुणोदया'त आपल्या धर्मांतराची कारणे तपशिलाने मांडली. ती वाचून बुद्धीचे समाधान होते, शेजाऱ्याच्या मनातला संशय जात नाही. धनावर माझी आशा नाही हे तोंडाने सांगून कोण ऐकणार? ते माणसाच्या राहणीवरून लोक ठरवतात.

नारायण वामन टिळकही मूळचे याच कोकणातले. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी त्यांचा जन्म झाला, १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा. त्यानंतर अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाने त्यांनी नगरच्या बाजूला काम केले. त्यांच्या चरित्राविषयी लिहिणारे सहसा असे दाखवतात की ख्रिस्ती झाल्यावर त्यांच्यात त्याग आला, निःस्पृहता आली. 'स्मृतिचित्रे' नीट वाचणाऱ्याला हे पटणार नाही. लक्ष्मीबाई बाप्तिस्म्याच्या पुष्कळ आधीपासून सांगायला सुरुवात करतात, आणि त्या भागातले टिळक पैशाच्या बाबतीत अगदी तसेच आहेत. नोकरी धरली काय, सोडली काय. नागपूरला आप्पासाहेब बुटींसारखा धनाढ्य आश्रयदाता लाभला तरी पाय कोठे स्थिर झाले नाहीत. हातात पैसा टिकत नसे, डोक्यात एखादी कल्पना शिरली की घर, बायको, उद्याचे जेवण सारे बाजूला. याला श्रद्धा म्हणावयाचे की स्वभाव? माझे मत असे की हा निव्वळ स्वभाव होता. देवावर भरवसा ठेवणे निराळे आणि पैशाची शुद्धच नसणे निराळे. पहिल्यात माणूस जाणून सोडतो. दुसऱ्यात सोडायला काही असते हेच त्याच्या लक्षात येत नाही.

लक्ष्मीबाई हा भेद कोठेही सांगत नाहीत, पण त्यांच्या कथनात तो जागोजागी उघड होतो. याचे कारण त्या कुठे उभ्या आहेत यात आहे. कवी घराबाहेर असतो. डबे रिकामे आहेत हे त्यांना दिसते. पाहुणा दारात आहे, पीठ नाही, दिव्यात तेल नाही, आणि घरचा धनी मात्र कुणातरी अनाथाला हाताशी धरून घेऊन येतो आहे, असल्या प्रसंगांत त्यांची लेखणी सर्वांत जिवंत होते. त्या रागावतात, भांडतात, हसतात आणि शेवटी काहीतरी रांधतात. 'विश्वास', 'आशा', 'दैवी कृपा' हे शब्द त्यांच्या पानांवर फार जपून येतात. त्यांची भाषा क्रियापदांची आहे : आणले, दळले, उसने घेतले, परत केले. ज्याला लोक टिळकांचा देवावरचा भरवसा म्हणत त्यातला बराचसा भाग प्रत्यक्षात लक्ष्मीबाईंवरचा भरवसा होता, असे हे पुस्तक वाचून मला वाटू लागले. हे म्हटले तर टिळकांवर टीका होईल. पण पुस्तकच असे आहे की ते नवऱ्यावर अतोनात प्रेम करते आणि त्याची एकही चूक झाकत नाही.

मग लक्ष्मीबाईंचा भरवसा कुणावर होता? याचे उत्तर त्या पाच वर्षांत आहे. नवरा ख्रिस्ती झाला, आणि १८९५ पासून पुढे जवळजवळ पाच वर्षे त्या त्याच्यापासून दूर राहिल्या : नातेवाइकांच्या आश्रयाला, पदरी एक लहान मूल. त्या काळात टाकलेल्या बाईला धन नव्हते, आणि ज्या देवावर आशा ठेवायची तो कोणता हाही प्रश्न सुटलेला नव्हता. पुढे त्या नवऱ्याकडे परतल्या तेव्हाही धर्म बदलायचा नाही, सोवळे सोडायचे नाही, आपले पाणी आपणच भरायचे, या बेताने परतल्या. त्यांचे मन आधी जातिभेदाविषयी पालटले, धर्माविषयी मागाहून. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो टिळकांनी पटवले म्हणून नव्हे, स्वतःचे स्वतःला पटले म्हणून. नवऱ्याची श्रद्धा बायकोने आंधळेपणाने उचलली असती तर 'स्मृतिचित्रे' हे भक्तिपर चरित्र झाले असते, आणि आज ते मिशनच्या कपाटात पडून राहिले असते.

येथे पंडिता रमाबाईंची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९०७ साली त्यांनी इंग्रजीत आपली साक्ष लिहिली. तिच्या नावातच कधी न संपणाऱ्या ठेव्याचा उल्लेख आहे. अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे त्यांच्या शारदा सदनाला मदत पुरवली, ती मुदत १८९८ मध्ये संपली. त्याच सुमारास दुष्काळाने देशोधडीला लागलेल्या शेकडो मुली केडगावला आल्या होत्या, आणि पुढे मुक्ति सदनात त्यांची संख्या हजाराच्या वर गेली. इंग्लंडातल्या जॉर्ज म्यूलरने कुणापुढेही हात न पसरता केवळ प्रार्थनेवर अनाथाश्रम चालवला होता. रमाबाईंनी त्याचे चरित्र वाचले होते आणि तोच आदर्श पुढे ठेवला. मात्र केडगावला केवळ प्रार्थना नव्हती. तेथे विहिरी होत्या, शेती होती, तेलाचा घाणा होता, माग होते, छापखाना होता. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले बायबलाचे मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, तेथल्याच छापखान्यातून बाहेर पडले.

रमाबाईंची साक्ष तेजस्वी आहे, पण एका ठिकाणी ती मला अन्यायी वाटते. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी जवळचे होते नव्हते ते दानधर्मात, तीर्थयात्रांत घालवले, पुराण सांगण्यापलीकडे दुसरे काम करायचे नाही हा नेम पाळला आणि १८७४ च्या सुमाराला उपासमारीत त्यांचा अंत झाला. आईही त्याच काळात गेली. रमाबाई ही हकीकत सांगतात ती चुकीच्या देवांवर ठेवलेल्या आशेचा परिणाम म्हणून. मुलीचे दुःख आपण समजू शकतो. डोळ्यांदेखत आईबाप भुकेने गेले त्या मुलीने कठोर होऊ नये असे सांगणारे आपण कोण? तरीही वाचकाला एक गोष्ट दिसल्यावाचून राहत नाही. बापाने धनावर आशा ठेवली नाही आणि लेकीनेही ठेवली नाही. देव बदलला, पण भरवसा ठेवण्याची धाटणी ती जंगलातल्या त्या शास्त्र्याकडूनच घेऊन आली होती. फरक एवढाच की बापाने कष्टाला श्रद्धेपासून दूर ठेवले, लेकीने विहीर खणणे हाच श्रद्धेचा भाग मानला. रमाबाई स्वतः हे असे मांडत नाहीत.

टिळकांच्या बाबतीतही हा वारसा उघड आहे. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी आलो असे ते म्हणत. कर्जखते इंद्रायणीत सोडणाऱ्या तुकारामाची कथा परंपरेने आपल्याला दिली आहे, आणि तीच कथा टिळकांच्या मनात शेवटपर्यंत काम करीत असावी. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला, साताऱ्यास गेले, 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही त्यात यावेत अशी त्यांची कल्पना होती. माझ्या मते त्यांच्या चरित्रात स्वभाव आणि श्रद्धा पहिल्यांदा वेगळे होतात ते येथे. यावेळी सोडले ते जाणून सोडले : वय पन्नाशीच्या पुढे, पगार ठरलेला, अंगात आजार. 'पोटासाठी' या शिक्क्याला त्यांच्याकडून यापेक्षा स्वच्छ उत्तर मिळण्यासारखे नव्हते. पण ज्या घरात हे उत्तर दिले गेले त्या घरात दुसरे माणूसही राहत होते. पगार थांबला म्हणजे चूल थांबत नाही. त्या काळाचे लक्ष्मीबाईंचे वर्णन वाचताना पौलाची ती आज्ञा आठवते आणि असेही वाटते की पौलाला बायको नव्हती हे बरे झाले. निदान तिचे पुस्तक आपल्याला वाचावे लागले नाही.

'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. शेवटचा भाग बाईंच्या मृत्यूनंतर आला. मुळात ही लेखणी हाती घेतली गेली ती मुलाने, देवदत्तांनी, वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी लिहून मागितल्या म्हणून. चौथा भाग मला विस्कळित वाटतो, टिळकांच्या पश्चातले कथन पूर्वीइतके ठसत नाही. ज्याच्याशी भांडायचे तो गेल्यावर भाषेतली धारही थोडी कमी होते, हे स्वाभाविकच आहे.

९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. त्यांनी मागे ठेवलेल्या इस्टेटीत नाव घेण्याजोगी वस्तू एकच होती : 'ख्रिस्तायन' या महाकाव्याचे पहिले अकराएक अध्याय, तेही अपुरे. ते काव्य लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरे शिकलेल्या या बाईने पुढचे ६४ अध्याय लिहिले. १९३६ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या तेव्हा शेवट व्हायचा राहिला होता, तो देवदत्तांनी केला, आणि १९३८ साली ७६ अध्यायांचा तो ग्रंथ छापून निघाला.