मार्लवाईची पाटी आणि परधानांची किंगरी

क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेन्डॉर्फ यांचा आदिलाबादच्या राजगोंडांवरील ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. दैवतकथा व विधी यांचा साक्षेपी संग्रह म्हणून मानववंशशास्त्राचे अभ्यासक त्याची वाखाणणी करतात, आणि ती योग्यच आहे. आम्हां शिक्षकांनी मात्र तो दुसऱ्या एका कृतीच्या शेजारी ठेवून वाचावयास हवा. १९४३ मध्ये याच गृहस्थांनी मार्लवाई येथे गोंड शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे केंद्र काढले आणि शाळांसाठी गोंडी वाचनपुस्तके तयार करविली. ग्रंथ इंग्रजीत आहे; पुस्तके गोंडीत होती आणि त्यांची लिपी देवनागरी होती. एकाच अभ्यासकाने एकाच समाजासाठी केलेली ही दोन कामे. परंतु त्यांची एकमेकांशी जशी गाठ पडावयास हवी होती तशी पडली नाही, असे आमचे मत आहे. ती का पडली नाही याचा शोध घेतला, तर देशी विद्या आणि पाश्चात्त्य धर्तीची शाळा यांच्या मेळाविषयी आज जी बरीच सैल भाषा वापरली जाते तिचाही थोडा निरास होईल.

प्रथम या प्रयत्नाचे श्रेय मोकळेपणाने दिले पाहिजे. १९४० मध्ये जोडेघाट येथे कुमराम भीमू गोळीबारात मारले गेले, तेव्हा निजाम सरकारला गोंडांच्या जमिनीचा प्रश्न दिसू लागला. पट्टा, पावती, सावकाराची वही, जंगलखात्याची नोटीस यांतले काहीच ज्याला वाचता येत नाही, त्याची जमीन कागदावरूनच नाहीशी होते. अक्षराची निकड होती ती या कारणाने. त्या काळी गोंडांचा बाजाराशी आणि शेजाऱ्यांशी येणारा संबंध पुष्कळ ठिकाणी मराठीतून असे. म्हणून देवनागरी लिपी निवडली गेली. पुढे गुंजाला या गावी गोंडीच्या स्वतंत्र लिपीतील हस्तलिखिते उजेडात आली आणि २०१८ मध्ये तिला युनिकोडमध्ये स्थानही मिळाले. तेव्हापासून मार्लवाईची देवनागरी पुस्तके म्हणजे परक्या लिपीचे आक्रमण होय, असा सूर कोठे कोठे ऐकू येतो. आम्हांस तो अन्यायाचा वाटतो. मूल घरी जे बोलते तेच शब्द पाटीवर उमटलेले त्याने पाहावेत, ही गोष्ट त्या काळच्या हैदराबाद संस्थानात लहान नव्हती. जेथे उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, तेथे डोंगरातल्या मुलाला गोंडीतून शिकविण्याचा आग्रह धरावयास धैर्य लागते.

आमचा आक्षेप लिपीवर नाही, पद्धतीवर आहे. वाचनपुस्तकांत गोंडांच्या कथा आल्या. पण गोंड समाजात कथा ज्या रीतीने शिकली जाते ती रीत शाळेच्या उंबरठ्यापाशीच थांबली. ही रीत कोणती? राजगोंडांच्या कुळांच्या गाथा परधान गातात. प्रत्येक परधान घराण्याचे यजमान गोंड घराणे ठरलेले असते. कुलदेवतेच्या पूजेला, मर्तिकाच्या विधीला परधानाने किंगरीवर त्या कुळाची गाथा म्हणावयाची. मुलगा बापाच्या मागे बसतो. प्रथम तो केवळ ऐकतो. मग साथीच्या सुरात पालुपद धरतो. कित्येक वर्षांनी त्याच्या हाती मुख्य आवाज येतो. परीक्षा घेणारे समोरच असतात, कारण ज्यांच्या पूर्वजांची ती गाथा, त्या यजमान घरातील वृद्धांनीही ती जन्मभर ऐकलेली असते. एखादा पूर्वज गळला, तर चूक तेथल्या तेथे उघडी पडते. अवेळी, अस्थानी ही गाथा म्हणावयाची नाही. आता ही सामग्री इंग्रजी पृष्ठावर कशी उतरते ते पाहावे. आशय राहतो, क्रम राहतो. गाणारा मात्र माहिती देणारा होतो आणि ऐकणारे यजमान दिसेनासे होतात. शास्त्रीय ग्रंथाला हे क्षम्य आहे. पण शालेय पुस्तकानेही तेच केले. गाथा पाठ झाली नाही, ती ‘पाठ क्रमांक अमुक’ झाली.

येथे मराठी वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आदिलाबादकडील परधानांची घरची भाषा बहुधा मराठी असते. गाथा मात्र ते गोंडीत गातात. म्हणजे चुलीपाशी मराठी आणि देवापाशी गोंडी, असा हा द्वैभाषिक गायकवर्ग आपल्या अगदी शेजारी नांदत आला आहे. आमच्या वाङ्मयेतिहासांनी त्याची किती दखल घेतली? सेतुमाधवराव पगडी यांच्यासारख्या मराठी माणसाने सरकारी नोकरीत असता गोंडी आत्मसात केली, गोंडांवर लिहिले. पण तेही मुख्यतः इंग्रजीत. पगडींच्या नजरेत हायमेन्डॉर्फ यांच्याइतकी शास्त्रीय शिस्त नसेल, परंतु शेजाऱ्याची जी जवळीक आहे ती त्या मोठ्या ग्रंथात नाही. त्यांनी ही गोंडी गाणी मराठीत सविस्तर आणली असती, तर काय झाले असते, असा विचार आम्ही अनेकदा केला आहे.

हे आम्ही अलिप्तपणे लिहू शकत नाही. आमच्या नोकरीच्या आरंभीच्या काळात एका शाळेत परधान घरचा एक मुलगा आमच्या वर्गात होता. वाचन अडखळत, शुद्धलेखन वाईट. ‘स्मरणशक्ती कमी’ असा शेरा आम्हीच आमच्या हाताने लिहिला. त्याच हिवाळ्यात पुष्य अमावास्येच्या सुमारास केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेला जाण्याचा योग आला. मेसराम कुळाचे लोक पायी जाऊन गोदावरीचे पाणी घेऊन आले होते. रात्री एका शेकोटीपाशी किंगरी चालली होती, आणि आजोबाच्या मागे बसून तो मुलगा ओळीमागून ओळ उचलीत होता. आम्ही बराच वेळ उभे होतो. त्या वेळात तो कोठेही अडला नाही. शेरा बदलण्याची सोय त्या नोंदवहीत नव्हती. खरे म्हणजे ती आम्ही शोधलीही नाही. दुसऱ्या वर्षी तो शाळेत आला नाही.

तथापि या अनुभवावरून परंपरेची भाबडी आरती करावयाची आमची इच्छा नाही. परधानाची विद्या जन्माने मिळते; इतराने ती मागावयाची सोय नाही. ज्याच्या गाण्याशिवाय गोंडाचा देव संतुष्ट होत नाही, त्या परधानाची पायरी गोंड समाज खालचीच मानीत आला. शाळेच्या बाकावर गोंड आणि परधान शेजारी बसतात, आणि तेथे येणारी मुलगी कोणत्या घरची हे विचारावयाचे कारण उरत नाही. हे शाळेचे देणे आहे, आणि ते कोणत्याही मेळाच्या नावाखाली परत करता येणार नाही. उलट, आज आदिवासी म्हटले की गोटुल, असे समीकरण मांडून लिहिणारे लेखक पाहिले की हसू येते. गोटुल बस्तरच्या मुरियांचा; आदिलाबादच्या राजगोंडांत ती संस्था नाही. ज्या समाजाची शिकण्याची रीत आपण शाळेत आणू म्हणतो, ती निदान त्याच समाजाची असावी!

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेने या प्रयोगाचा पायाच हलविला. आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिले. किनवट, राजुरा हे भाग मराठी मुलखाकडे गेले. सीमेच्या एका अंगास गोंडाचे मूल तेलुगूतून शिकू लागले, दुसऱ्या अंगास मराठीतून. गोंडी पुस्तके मागे पडली. हायमेन्डॉर्फ यांनी १९८२ च्या आपल्या पुस्तकात या ऱ्हासाविषयी खेद व्यक्त केला आहे, तो सच्चा आहे. पण सारा दोष सीमारेषेवर टाकणे आम्हांस पटत नाही. पुस्तके गेली आणि त्यांबरोबर सर्वच गेले, याचा अर्थ त्या पुस्तकांवाचून प्रयोगाला दुसरा आधार नव्हता. परधान तेव्हाही गात होते. त्यांना शाळेत बसावयास जागा दिली गेली असती, तर सरकारी आदेशाने ती रिकामी करणे इतके सोपे गेले नसते.

आमच्या निर्मल गावची गोष्टही याहून निराळी नाही. येथील नकाशांच्या घरी मूल पोणिकीच्या हलक्या लाकडाचे तुकडे उचलता उचलता खेळणी घडवावयास शिकते. शाळेत मात्र तीच कला सामान्यज्ञानातील एका ओळीचे उत्तर होते: ‘निर्मल कशासाठी प्रसिद्ध आहे?’ मार्लवाईच्या कनकराजूंना गुस्साडी नृत्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये ते निवर्तले. अशा गुरूला आमच्या वेळापत्रकात स्नेहसंमेलनापलीकडे तास नाही. आणि हेच आम्ही बासरच्या सरस्वतीपुढे आपल्या मुलाचा हात धरून तांदळात अक्षर गिरवतो, तेव्हा त्या विधीला शिक्षणाचा प्रारंभ मानतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत मातृभाषेचा पुरस्कार केला आहे. त्याला अनुसरून गोंडी पुस्तके पुन्हा निघतील, निघावीतही. त्यांच्या संपादकांना आमची सूचना अशी की, गाथेचा एक खंड देवनागरीत व गुंजाला लिपीत छापावा, समोर मराठी व तेलुगू द्यावी, मुखपृष्ठावर गाणाऱ्या परधानाचे नाव लेखक म्हणून घालावे. आणि त्या खंडाची परीक्षा लेखी घेऊ नये. यजमान घरातील एक वृद्ध आणि वर्गशिक्षक, असे दोघांनी बसून ती ऐकावी. गुण देताना दोघांचे मतभेद होतील. ते नोंदवहीत लिहून ठेवावेत.